क्लचवर नसलेला पाय

यंदा कारखान्याचं धुराडं दिवाळी सरताच पेटलं आणि माझं डोकं फिरलं. लोकांना हंगाम लागला की बरं वाटतं, हॉटेलवाल्यांना, टायरवाल्यांना, सगळ्यांनाच. मला नाही वाटत. सोनईकडे वस्तीवर, माहेरी, गेले की दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसलेली असते, मळीचा आंबूस वास भाकरीच्या घासापर्यंत येतो, आणि रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर गाणी लावून रांगत असतात. त्यांच्या मागं अडकलं की मी डावा पाय क्लचवर दाबून बघते. पाय लागतो का, दाब कळतो का. लागतो, कळतो. मग मला रडायला येतं, आणि रडायला आलं की राग येतो.

आमच्या आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, डावा पाय असाच एका हंगामात गेला. घोट्याच्या वरून काढावा लागला. कुणी विचारलं तर सांगायला काही अपघात वगैरे नव्हता. आम्ही घरातली सगळी माणसं त्या पायाकडं बघत होतो, आणि बघता बघता तो गेला. मी नगरला ब्लाऊज शिवते, लग्नसराईत मला मान वर करायला फुरसत नसते, तरी मलासुद्धा दिसलं होतं. घरात राहणाऱ्यांना दिसलं नाही असं मला कुणी सांगू नये.

क्लच न दाबता गिअर बदलता येतो, हे पुष्कळांना थाप वाटते. मी लहानपणी मागच्या सीटवर बसून बघितलंय. शेवगावहून, आजोळाहून, परत येत होतो. वाटेत क्लचची तार तुटली. आई म्हणाली, कुणाचा तरी ट्रॅक्टर बघा, ओढून नेतील. गाडी बंदच होती, आप्पांनी तशीच तिला पहिल्या गिअरमध्ये घातली आणि चावी फिरवली. व्हॅन बेडकासारखी उडी मारून चालू झाली. थोडा वेग आल्यावर त्यांनी रेस सोडली, दांडी न्यूट्रलला ओढली आणि थांबले. आमच्या त्या जुन्या व्हॅनचं इंजिन सीटखाली, त्यामुळं आवाज थेट ढुंगणाखालून यायचा. तो आवाज उतरत उतरत एका ठिकाणी आला आणि आप्पांनी दोन बोटांनी दांडी पुढं सरकवली. लोण्यातून सुरी जावी तशी ती गेली. कुठं करकर नाही, धक्का नाही. तसेच घरापर्यंत आलो, आणि वस्तीच्या चढाला खालचा गिअर टाकताना त्यांनी मधेच रेसला एक हलका ठोका दिला, तेवढाच काय तो आवाज.

मी पुढच्या सीटवर सरकले होते. कसं केलंत, म्हणून विचारलं. आप्पा म्हणाले, "जोर लावायचा न्हाई. जोर लावला की आतले दात तुटत्यात. गाडी सवता मागती गिअर, तवा द्यायचा."

मी ते वाक्य किती वर्षं जपलं. सासरी गेले, दुकान टाकलं, दोन पोरं झाली, मशीनवर कापड सरकत नसलं की मला ते आठवायचं. आज आठवतं तेव्हा दातओठ खावेसे वाटतात. गाडीचं मागणं त्यांना ऐकू यायचं. स्वतःच्या अंगाचं नाही.

आप्पांना शुगर होती. आमच्याकडं ती निम्म्या घरांत असते आणि कुणाच्याच घरात नसते, असा सगळा कारभार. आजोबा तिच्यातच गेले. धाकटी बहीण मनी, तिची पहिली सोयरीक सुपारीपर्यंत आली होती, तेवढ्यात त्या लोकांना कुणीतरी आजोबांचं सांगितलं आणि त्यांचे फोन बंद झाले. कारण कुणी बोललं नाही, पण कळायचं ते कळलं. तेव्हापासून आमच्या घरात शुगर हा शब्द बोलायचा नाही असं ठरून गेलं. आप्पांच्या गोळ्या मिसळणीच्या डब्यामागं. त्यांचा बिनसाखरेचा चहा वेगळ्या छोट्या पातेल्यात, आणि पाहुणे आले की ते पातेलं फडताळात.

मग दिगूमामा, आईचे थोरले भाऊ, शेवगावकडचं स्थळ घेऊन आले. मुलगा चांगला, नोकरीला, घर नांदतं. मनीला तो आवडलाही होता, हे मला तिनं दुकानात येऊन कानात सांगितलं होतं. तिचा तो चेहरा अजून माझ्या डोळ्यापुढं आहे. म्हणजे सगळं काय पणाला लागलं होतं ते मलाही कळत होतं. मी काही वेडी नव्हते.

त्याच दिवसांत आप्पांनी क्लच दाबायचं सोडलं. तार धड होती, प्लेट धड होती. विचारलं तर म्हणायचे, प्लेट वाचवतो. माझा भाऊ सागर तेव्हा कॉलेजात. त्याला तर घबाडच सापडलं. शेजारी बसून तो मोबाईलवर व्हिडिओ काढायचा. आधी आप्पांचा हात, मग खाली पाय, डावा पाय आपला बाजूला पडलेला, नुसता. खाली लोकांनी अंगठे, बदाम, टाळ्या पाठवलेल्या. चौकात चहा पिताना माणसं आप्पांना हाक मारून गाडी चालवून दाखवायला सांगायची आणि आप्पा दाखवायचे. साठी ओलांडलेला माणूस पोरासारखा लाजून हसायचा. कौतुक कुणाला नको असतं? पण एवढ्या टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकालाही वाटू नये की हा माणूस पाय का वापरत नाही? बरं, त्यांचं जाऊ द्या, ते परके. व्हिडिओ काढणाऱ्याला वाटू नये?

मला वाटलं, कारण माझा सगळा दिवस पायावर जातो. मशीनच्या पायट्यावर पाय ठेवला की टाच किती, चवडा किती, ते बघावं लागत नाही, आपोआप कळतं. आप्पा दुकानाशी व्हॅन लावून उतरले तेव्हा मी बघितलं, ते डावा पाय टेकवायच्या आधी त्याच्याकडं बघत होते. आंधळा माणूस काठी टेकवतो तसं. चप्पल सुटून मागं राहिली आणि ते दोन पावलं तसेच पुढं आले. त्यांना पत्ताच नाही. मी चप्पल उचलून आणून दिली. ते म्हणाले, सैल झालीय. चप्पल सैल नव्हती.

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर वस्तीवर गेले. घोडेगावच्या पुढं रस्ता मोकळा लागला तेव्हा सरळ विचारलं.

"आप्पा, तुम्हाला डावा पाय कळतो का?"

त्यांनी तिसरा टाकला, चौथा टाकला. सुंदर टाकला, मेलं काय सांगू. मग म्हणाले, "मनीचं हू दे. मग तू म्हनशील त्या दवाखान्यात येतो. तवर गप ऱ्हा."

मी गप राहणाऱ्यातली नाही. घरी आल्या आल्या आईला चुलीपाशी गाठलं. आई भाकरी थापत होती, हात थांबला नाही. तिला ठाऊक होतं. दिगूमामालाही ठाऊक होतं. पायाला मुंग्या, मग बधिरपण, मग क्लच किती दाबला तेच कळेना, गाडी दोनदा बंद पडली, तेव्हा आप्पांनी ती जुनी युक्ती काढली. मी म्हटलं, उद्याच्या उद्या नगरला नेते. आईनं पीठ झाडलं. तिचं म्हणणं, नगरचा कुठलाही दवाखाना घे, बाकड्यावर शेवगावचं कुणी ना कुणी बसलेलं असतं. पुण्याला नेते म्हटलं तर म्हणाली, ऐन हंगामात कशाला गेले म्हणून गाव विचारील. मी खूप भांडले. शेवटी आई म्हणाली, "तुझं झालंय ना समदं नीट? मंग तिचं हू दे की." मनी आतल्या खोलीत होती. तिनं हे ऐकलं की नाही, मी आजवर विचारलेलं नाही.

आमच्याकडं थंडीत हुरडा असतो. ज्वारीची कणसं आरावर भाजायची, हातावर चोळायची, शेंगदाण्याची चटणी, गूळ, रेवड्या. मुलाकडच्यांना हुरड्याला बोलवायचं मामानं ठरवलं. म्हणजे बैठक नाही, आणि बैठकही. आणि त्यांना आणायला आप्पांनी स्वतः व्हॅन घेऊन जायचं. मी म्हटलं सागरला पाठवा. तर मामा म्हणाले, अगं, पाहुण्यांना हे दाखवायचंय ना! व्हिडिओ तिकडंपर्यंत पोचले होते. मुलाच्या वडिलांनीच फोनवर विचारलं होतं, तेच का ते बिनक्लचवाले?

व्हॅनमध्ये डॅशबोर्डवर देव. त्यामुळं आमच्याकडं गाडीत चप्पल घालून कुणी बसत नाही, आप्पा तर कधीच नाही. अनवाणी पायानं गाडी चालवायची, ही त्यांची देवपूजा. खालचं रबर फाटलेलं, डाव्या पायाखाली उघडा पत्रा, आणि तो पत्रा इंजिनच्या धगीनं तापायचा. पूर्वी तो तापला की ते पाय उचलायचे, शिव्या घालायचे, ओलं फडकं टाकायचे. त्या दिवशी मी मधल्या सीटवर होते, मुलाची आई माझ्या शेजारी, वडील पुढं. येताना कारखान्याच्या फाट्यावर उसाची रांग लागली. ट्रॉल्याच ट्रॉल्या. गाडी दहा हात सरकायची, थांबायची. क्लचवाल्याला सोपं आहे. आप्पांनी दर वेळी न्यूट्रल करायचं, ब्रेक दाबायचा, गाडी बंद करायची, पहिला घालायचा आणि पुन्हा चावी मारायची. इंजिन तापून लाल झालेलं. मुलाचे वडील मात्र खूश. मांडीवर हात मारत होते. आप्पांच्या कपाळावर घाम होता आणि तोंडावर हसू. रांग फुटली आणि त्यांनी एका दमात चारही गिअर टाकले, तेव्हा ते गृहस्थ मागं वळून बायकोला म्हणाले, "ज्या मानसाला गाडीचं एवढं कळतं, त्याच्या घरात अजून काय इचारायचं असतं?"

तिथंच सोयरीक झाली म्हणा ना. शेतात नुसतं तोंड गोड करणं राहिलं होतं. आप्पांनीही केलं. पाहुण्यांसमोर गुळाचा खडा खाल्ला, रेवड्या खाल्ल्या, सगळ्यांसारखा गोड चहा घेतला. मामा त्यांच्या पाठीवर थाप मारत होते.

पाहुणे गेल्यावर ओसरीच्या फरशीवर मला ओले ठसे दिसले. एकाच पायाचे. मला वाटलं पाणी सांडलं. मग त्यांचा तळवा बघितला. टाचेपासून चवड्यापर्यंत कातडं सुटलं होतं, भाजलेल्या वांग्याचं सुटतं तसं, आणि आप्पा खाटेवर बसून मामांशी मांडवाचं बोलत होते. मी ओरडले. आप्पांनी वाकून तळव्याकडं असं बघितलं, जसं दुसऱ्याच कुणाचा पाय आहे. ते तोंड मी विसरू शकत नाही. आयुष्यात पहिल्यांदा आप्पा मला घाबरलेले दिसले.

एवढं बघून तरी दवाखाना गाठावा की नाही? नाही. हळद लावली, कडुनिंबाचा पाला लावला. मी नगरला नेलं तेव्हा एकदाच मलमपट्टी झाली. डॉक्टर म्हणाले ॲडमिट करा, तसे आप्पा उठून बाहेर व्हॅनमध्ये जाऊन बसले. लग्न तोंडावर आलं होतं. ॲडमिट झालेला बाप मुलीच्या मांडवात कसा दिसेल, हा मामांचा प्रश्न. माझ्याशी महिनाभर कुणी धड बोलत नव्हतं. मी पांढऱ्या पायाची ठरले होते. शुभ कार्यात दुखणं काढते म्हणून.

लग्नात आप्पांनी नवे बूट घातले होते. आतून दोन मोजे. फेटा बांधून मांडवाच्या दाराशी उभे राहिले, येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडले, व्याह्यांची गळाभेट घेतली. सागरनं त्याचाही व्हिडिओ काढला. मी मनीच्या पाठवणीला रडले, ते बघून बायका म्हणाल्या, बहिणीवर किती जीव आहे बघा. मी रडत होते ते आप्पांच्या बुटाकडं बघून. अत्तराच्या वासातूनही मला दुसरा वास येत होता. आईलाही येत असला पाहिजे, कारण ती सारखी त्यांच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडत होती.

त्यानंतर पाय वाचायचा प्रश्न नव्हता, माणूस वाचायचा होता. धुराडं अजून चालू होतं, शेवटचा ऊस तुटत होता, आणि नगरच्या दवाखान्यात आप्पांचा पाय काढला. मनी सासूला घेऊन आली. आईच्या तोंडचं पाणी पळालं, आता ही बाई काय बोलते, पोरीला माघारी धाडते की काय. ती बाई खाटेजवळ आली. आप्पांच्या कपाळाला हात लावला, बसली. दुपारी मी डबा उघडला, ताटं वाढली. तेव्हा तिनं भिंतीकडं तोंड केलं, पर्समधून पेनासारखं इंजेक्शन काढलं, पदर सारला आणि पोटात टोचून घेतलं. सवयीचा हात होता. मग वळून हळूच म्हणाली, "जेवायच्या आधी घ्यावं लागतं."

आईच्या हातात भाकरी तशीच राहिली. मनी खाली बघत होती. सासरी गेल्यावर पहिल्या आठवड्यातच तिला कळलं होतं, आणि माहेरी बोलायचं नाही असं तिला बजावलं होतं. म्हणजे त्यांचंही फडताळ होतं, त्यांचंही एक छोटं पातेलं होतं. दोन घरं एकमेकांसमोर बसून गूळ खात होती. कुणीतरी एकानं तोंड उघडलं असतं तर माझ्या बापाचा पाय जागेवर असता. मला त्या बाईचा राग आला नाही. मला हसू आलं, आणि मी ताट ठेवून बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले.

व्हॅन आता माझ्याकडं आहे. सागर विकणार होता, मी आणली. खालचा पत्रा झाकून वर जाड रबर घातलंय आणि मी चप्पल घालून चालवते. देव रागावायचा तर रागावू दे. कधीमधी रिकाम्या रस्त्यावर क्लच न दाबता गिअर टाकून बघते. रेस सोडायची, न्यूट्रल, थांबायचं, ऐकायचं. मला येत नाही. करकर होते, हाताला झणका बसतो. मला त्या करकरीचं बरंच वाटतं. दुखलं की ओरडते तरी गाडी.

आता सागरचं बघतायत. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळणं किती अवघड झालंय हे मी काय सांगायचं. गेल्या आठवड्यात देवळाली प्रवराहून मुलीकडचे घर बघायला आले. मी मुद्दाम नगरहून गेले. आईनं आप्पांना लवकर आंघोळ घालून, कृत्रिम पायावर बूट चढवून खुर्चीत बसवलं होतं. मी चहाला आत गेले तर छोटं पातेलं दिसेना.

मुलीच्या वडिलांचं लक्ष बुटाकडं गेलंच. त्यांनी अदबीनं विचारलं, पायाला काय झालं? आईनं तोंड उघडलं, सागरनं मोबाईलमध्ये मान घातली. त्यांच्या आधी आप्पाच बोलले.

"गाडीचा ॲक्सिडंट झाला. माझीच चूक. घाईत क्लच दाबायचा ऱ्हायला."

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एक गिअर करकरवला नाही, ज्याच्या गाडीला एक पोचा नाही, तो माणूस हे म्हणाला. सागर मान वर करील असं मला वाटलं. त्याच्या मोबाईलमध्ये अजून ते व्हिडिओ असतील. त्यानं मान वर केली नाही. मुलीचे वडील हळहळले, म्हणाले, वय झालं की माणसानं गाडी हातात घेऊ नये. आप्पा म्हणाले, व्हय, बराबर हाय तुमचं.

आई चहा घेऊन आली. सगळ्यांना एकाच किटलीतला. आप्पांच्या हातातही तोच कप दिला. मी उठले आणि तो घ्यायला हात पुढं केला. आप्पांनी माझ्याकडं बघितलं, कप माझ्या हातापासून लांब धरला, आणि पाहुण्यांशी उसाच्या तोडणीचं बोलत बोलत शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.